शब्दचर्चा: 'मधुमेही उंदीर' म्हणायचं का?

गवतीचहा :
नमस्कार मंडळी. मधुमेह आणि डीएनए रिपेअर यांच्या संबंधावर उंदरांवर जे काम झालंय त्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय, म्हणजे मजकूर झालाय पण शब्दांपाशी गाडं अडलंय. 'डायबेटिक रॅट मॉडेल'ला (म्हणजे मधुमेहाच्या अभ्यासासाठी वापरायचा रॅट) मी 'मधुमेही उंदराचे प्रतिरूप' केलं ते मलाच वाचवेना, भाषांतराच्या अ‍ॅपला विचारलं तर त्याने 'मधुमेही आदर्श उंदीर' दिलं. मेटाबॉलिझमला चयापचय लिहिलं तर संपादकबाई म्हणतात लोक अपचन वाचतील. आणि नॉकआउट माउसला, म्हणजे एखादं जनुक काढून टाकलेल्या माउसला, काय म्हणू? सुचवा प्लीज.

टिंबटिंब :
आदर्श उंदीर 😂 शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा त्याचा.

कोरांटी :
प्रतिरूप वगैरे सोडा, 'मॉडेल'च ठेवा, शाळेत पोरं ज्वालामुखीचं मॉडेल करतात तेव्हा कुणी प्रतिरूप म्हणत नाही. खरी गोची 'उंदीर' या शब्दाची आहे. मराठीत रॅट पण उंदीर आणि माउस पण उंदीर, घूस म्हणावं तर तो प्राणीच वेगळा. लॅबमध्ये माउस म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव आणि मोठा झालेला विस्टर जातीचा रॅट अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, आणि नुसता वजनाचाच फरक नाही, औषध सोसण्याची ताकद पण वेगळी. स्ट्रेप्टोझोटोसिन म्हणून एक औषध टोचून मधुमेह आणतात (आम्ही एसटीझेड म्हणतो), ते रॅटला साधारण किलोमागे ५० ते ६५ मिलिग्रॅम पुरतं, माउसला एकदाच द्यायचं तर १५०-२०० लागतं नाहीतर मग ४०-५० असं रोज, पाच दिवस. तुम्ही दोन्हीकडे उंदीर लिहून हे आकडे दिलेत तर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटणार. म्हणून माझं मत, रॅट आणि माउस असंच लिहा. आमच्याकडे तर एकट्या जनावराला पण 'एक माइस' म्हणतात, व्याकरण गेलं खड्ड्यात.

आता 'मधुमेही'. मला तो शब्द खटकतो कारण मधुमेही म्हणजे ज्याला मधुमेह झालाय तो, आणि एसटीझेडवाल्या रॅटला तो झालेला नसतो, आपण केलेला असतो. याउलट एनओडी नावाचे माउस आहेत, जपानमध्ये १९८० च्या सुमारास निघाले, त्यांना काही टोचावं लागत नाही, त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी खाते आणि मधुमेह होतो, आपसूक. म्हणजे एक 'झालेला' आणि एक 'आणलेला'. दोघांनाही 'मधुमेही उंदीर' म्हटलं की प्रयोगातली महत्त्वाची गोष्टच वाक्यातून गळते.

जुना_पोपट :
सुश्रुतात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत, सहज आणि अपथ्यनिमित्त. सहज म्हणजे जन्माबरोबर आलेला, अपथ्यनिमित्त म्हणजे खाण्यापिण्याने ओढवून घेतलेला. सहजवाला कृश, दुसरा स्थूल. 'मेह' मिह् धातूपासून, त्या धातूत ओलं करण्याचा, मुतण्याचा अर्थ आहे. तेव्हा तुमच्या 'झालेला'मधले दोन पोटभेद आपल्याकडे आधीपासून आहेत, ते वापरा की.

कोरांटी :
पोपटराव, जोडी झकास आहे, अपथ्यनिमित्त तर हाय-फॅट डाएट देऊन जाड केलेल्या माउसना चपखल बसतं. पण 'सहज' आजच्या मराठीत 'असंच, उगाच' झालंय, 'सहज मधुमेह' वाचून लोक म्हणतील म्हणजे सहज म्हणून झाला का. शिवाय सहज म्हणजे कृश हे माउसना लागू नाही. ओबी/ओबी नावाचे माउस अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबमध्ये १९४९ मध्ये सापडले, जन्मतःच जनुकात दोष, आणि ते भयंकर जाड होतात. तो दोष लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकात आहे हे कळायला १९९४ उजाडलं. त्यांना 'जन्मजात' म्हणा.

आणि मिह् धातूचं म्हणाल तर एसटीझेड दिल्यावर तीन दिवसांनी पिंजरा उघडून बघा, ग्लुकोमीटर लावायच्या आधीच खालचा भुसा सांगतो. चिंब. एरवी ज्या पिंजऱ्याचा भुसा आठवड्यातून दोनदा बदलला तरी चालतो तो रोज बदलावा लागतो, आणि पाण्याची बाटली सकाळी भरलेली संध्याकाळी रिकामी. पहिल्या रात्री मात्र उलटं असतं, मरणाऱ्या बीटा पेशींमधून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर धाडकन खाली येते, त्यात जनावर जाऊ शकतं, म्हणून त्या रात्री बाटलीत साखरेचं पाणी ठेवतात. मधुमेह आणायला बसलोय आणि साखर पाजतोय.

अडगळ :
मला शब्दातलं कळत नाही पण एक शंका. पेपरात येतं ना 'मधुमेहामुळे डीएनएची हानी', 'रॅटवरील प्रयोगात सिद्ध'. मग त्या रॅटला मधुमेह कशाने झाला हे कुणीच लिहीत नाही, ते का?

कोरांटी :
अडगळ, नेमकं बोट ठेवलंत. एसटीझेडच्या रेणूत ग्लुकोजचा भाग असतो त्यामुळे बीटा पेशींवरचं ग्लुट-२ हे वाहक प्रथिन त्याला आत घेतं. आत गेल्यावर त्याचा दुसरा भाग डीएनएला रासायनिक गट चिकटवतो, डीएनए तुटतो. तुटलेलं दिसलं की पार्प नावाचं एन्झाइम धावून येतं, ते दुरुस्तीच्या कामातलंच, पण त्याला खर्चायला एनएडी नावाचा पेशीतला रेणू लागतो आणि एवढ्या तुटी एकदम झाल्यावर ते पेशीतला एनएडीचा साठा संपवून टाकतं, पाठोपाठ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपतं आणि पेशी मरते. १९९९ मध्ये पार्पचं जनुक काढलेल्या माउसवर करून पाहिलं तर एसटीझेड देऊनही ते मधुमेहापासून वाचले. म्हणजे नुसत्या तुटण्याने पेशी मेली नाही, दुरुस्ती करणाऱ्याने तिजोरी रिकामी केली म्हणून मेली!

तर या रॅटच्या बीटा पेशींबद्दल 'मधुमेहामुळे डीएनए तुटला' हे वाक्य साफ उलटं आहे, तिथे डीएनए तुटल्यामुळे मधुमेह आला. याच रॅटच्या किडनीत किंवा डोळ्याच्या पडद्यात काही आठवड्यांनी हानी दिसली तर ती वाढलेल्या साखरेमुळे असू शकते, पण औषध किडनीत पण थोडं शिरतंच, म्हणून जाणकार लोक एसटीझेडवाल्या रॅटच्या जोडीला ओबी/ओबीसारखं औषधाविना झालेलं मॉडेल पण बघतात. आणि तिसराच प्रकार, २००६ मध्ये नील-१ नावाचं दुरुस्तीचं एन्झाइम नसलेले माउस केले, त्यांना कसलंही विष नाही, साधाच आहार, तरी नर जाडजूड झाले, लिव्हरमध्ये चरबी, रक्तात इन्सुलिन जास्त. तिथे दुरुस्ती नसल्यामुळे चयापचय बिघडला. तीन प्रयोग, तीन वेगळे 'मुळे'. गवतीचहा, तुमच्या लेखात प्रत्येक 'मुळे' पुन्हा एकदा तपासा, बाकी शब्द जरा इकडेतिकडे झाले तरी चालतील.

गवतीचहा :
बापरे, तपासतो. तीन-चार ठिकाणी नुसतं 'मधुमेह व डीएनएची हानी यांचा संबंध' लिहून सुटलोय. आणि 'डीएनए दुरुस्ती' ठीक ना?

जुना_पोपट :
दुरुस्ती म्हटलं की मला घटनादुरुस्ती आठवते, तिथे मूळ मजकूर बदलतात. इथे तर मजकूर होता तसा ठेवायचाय. 'पुनःस्थापन' बरं.

टिंबटिंब :
पोपटराव, पुनःस्थापन म्हणजे धरणग्रस्तांचं वाटतं. दुरुस्तीच राहू द्या, सायकल दुरुस्त करून आणली म्हणजे कुणी तिची मोटारसायकल करून आणत नाही.

कोरांटी :
दुरुस्तीला माझं पण मत. फक्त सगळ्या दुरुस्त्या सारख्या नसतात हे कुठेतरी येऊ द्या. एखादा बिघडलेला बेस (डीएनएचं एक अक्षर) काढून समोरच्या धाग्यावरून बघून बरोबर बेस बसवतात ती दुरुस्ती चोख असते. दोन्ही धागे तुटले आणि टोकं कशीतरी जुळवली तर अक्षरं गळतात, त्याला मी 'डागडुजी' म्हणेन. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच, सँकार यांना मिळालं ते पहिल्या, चोख प्रकारांच्या कामासाठी.

अडगळ :
चयापचयाचं राहिलं. 'घडामोड' का नको? घडणं आणि मोडणं, शरीरात तेच चालतं ना.

जुना_पोपट :
वा! अर्थ अगदी तोच, चय म्हणजे जमवणं, रचणं, अपचय म्हणजे मोडणं. पण बातम्यांनी तो शब्द पळवला, 'शरीरातील ठळक घडामोडी' असं वाचायची वेळ येईल. चयापचय ठेवा आणि पहिल्या वेळी शेजारी 'शरीरातली घडण-मोडण' लिहा. संपादकबाईंना सांगा, अपचन पच् धातूचं, अपचय चि धातूचा, नातं नाही.

टिंबटिंब :
नॉकआउटला 'जनुक बाद केलेला माउस'. क्रिकेटमुळे पोराबाळांना कळतं.

कोरांटी :
बाद आवडलं. पण 'बाद माउस' असं तोडू नका, बाद जनुक झालंय, माउस नाही.

गवतीचहा :
शेवटचं एक. रिसर्च पेपरमध्ये 'द अ‍ॅनिमल्स वेअर सॅक्रिफाइस्ड' असतं. बळी दिले लिहू?

जुना_पोपट :
बळी देवाला देतात.

अडगळ :
दयामरण?

कोरांटी :
दयामरण असह्य यातना होणाऱ्याला. इथे प्रयोगाचा ठरलेला दिवस आला म्हणून, स्वादुपिंड आणि लिव्हर काढून बघायचंय म्हणून मारतात, जनावर धडधाकट असलं तरी. कसं मारायचं ते आधी प्राणी नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं, म्हणजे तिथे काही लपवाछपवी नसते. लॅबमध्ये आम्ही पण 'सॅक केले' म्हणतो, पण लेखात सरळ 'भूल देऊन मारले' लिहा, आणि मूळ पेपरात भूल न देता दुसरी पद्धत असेल तर तीच लिहा, भूल आपल्या मनाने घालू नका.

गवतीचहा :
पाहिलं. भूलच आहे. 'भूल देऊन मारले' केलं.