करारात ‘नोकर नाही’ असे लिहिल्यास रजा आणि देणी टळतात का?

नवउद्योजक (प्रश्न)
माझा यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीचा लहान व्यवसाय आहे. पाच जण पगारावर आहेत. एक तंत्रज्ञ मात्र सुरुवातीपासून फ्रीलान्सर म्हणून करारावर आहेत. ते दरमहा बिल देतात, आणि ‘उभय पक्षांत मालक-नोकर असे नाते राहणार नाही’ या कलमाखाली त्यांची सही आहे. प्रत्यक्षात ते इतरांच्याच वेळेला कामावर येतात, आमचीच हत्यारे वापरतात आणि कोणत्या ग्राहकाकडे केव्हा जायचे हे मी ठरवतो. अलीकडे त्यांच्या कामाबद्दल तक्रारी वाढल्याने करार संपवावा असा विचार मी त्यांना बोलून दाखवला, तेव्हा त्यांनी आजवरच्या भरपगारी रजांचा आणि नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा हिशेब मागितला. सहीचा करार हाती असताना ही मागणी टिकेल का? आणि केवळ एका ईमेलने करार संपवता येईल का?

कायदेवाचक
करारातील ते कलम आपल्याला वाटते तेवढे भक्कम नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2006 सालची शिफारस क्रमांक 198 नेमकी याच विषयावर आहे. नाते नोकरीचे आहे की नाही, हे कागदावरच्या नावापेक्षा काम प्रत्यक्षात कसे होते आणि मोबदला कसा दिला जातो यावरून ठरवावे, असे ती सांगते. कामावर कोणाचे नियंत्रण आहे, वेळ व जागा कोण ठरवतो, साधने कोणाची, माणसाने स्वतःच काम करणे बंधनकारक आहे का, मोबदला ठरावीक काळाने मिळतो का आणि तोच त्याच्या उपजीविकेचा मुख्य आधार आहे का, अशा खुणा तिने सुचवल्या आहेत. आपण दिलेले वर्णन वाचताना यातील बहुतेक खुणा जुळतात.

शिफारस बंधनकारक नसते, हे खरे. पण अनेक देशांतील न्यायालये याच दिशेने विचार करतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली ऑटोक्लेन्झ या कंपनीच्या प्रकरणात मोटारी स्वच्छ करणाऱ्या माणसांना कामगार मानले, आणि तेही करारात ते स्वयंरोजगारी असल्याचे व बदली माणूस पाठवू शकत असल्याचे लिहिलेले असताना. 2021 साली उबरच्या चालकांबाबतही कराराची भाषा हा विचाराचा आरंभबिंदू ठरू शकत नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या डायनामेक्स खटल्यात तर काम करणारा स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावरच टाकला. त्यासाठीची एक अट अशी, की ते काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे असले पाहिजे. दुरुस्तीच्या व्यवसायात दुरुस्ती करणारा माणूस ही अट कशी पूर्ण करणार?

जुना व्यवस्थापक
वरील मताशी सहमत आहे, मात्र एक भर घालतो. ‘कर्मचारी’ आणि ‘स्वतंत्र व्यावसायिक’ एवढे दोनच कप्पे सर्वत्र नसतात. वर उल्लेखलेल्या उबर खटल्यातील चालक मधल्या वर्गात बसले. त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा लागू झाल्या, परंतु अन्याय्य बडतर्फीविरुद्धचे संरक्षण त्या वर्गाला मिळत नाही. त्यामुळे ‘सगळे द्यावे लागेल’ किंवा ‘काहीच द्यावे लागणार नाही’ असे ठरवण्याआधी आपल्याला लागू असलेला कायदा त्या विषयातील वकिलाकडून तपासून घ्यावा.

ईमेलचा मार्ग मात्र मला अजिबात मान्य नाही. नोकरी संपवण्याविषयीचा 1982 सालचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक 158 सर्व देशांनी स्वीकारलेला नाही. तरीही वर्तन किंवा कामाचा दर्जा यासाठी काढताना वैध कारण असावे आणि आरोपांना उत्तर देण्याची संधी आधी मिळावी, हे त्यातील तत्त्व लहान व्यवसायानेही पाळण्याजोगे आहे. तक्रारी तारखांसह लेखी नोंदवा, त्या त्यांना दाखवा, खुलासा घ्या आणि सुधारण्यासाठी मुदत द्या. तोंडी दिलेल्या तंब्या वाद उभा राहिला की सिद्ध करणे फार कठीण जाते. रजांची मागणी आली आणि लगेच काढून टाकले, असा क्रम कागदावर दिसला तर तक्रारी खऱ्या असूनही ती सूडाची कारवाई वाटेल.

नवउद्योजक
दोघांचेही आभार. ते सुट्टीच्या दिवशी इतरांचीही कामे घेतात. त्याने काही फरक पडतो का? आणि त्यांच्या चुकीमुळे एका ग्राहकाला भरपाई द्यावी लागली, ती रक्कम शेवटच्या बिलातून वळती करावी असे मनात आहे.

कायदेवाचक
इतरत्र कामे घेणे आपल्या बाजूचा मुद्दा आहे, पण दुबळा. फावल्या वेळात दुसरे काम करणारे अनेक पगारी कर्मचारीही असतात. ते स्वतःच्या नावाने ग्राहक मिळवतात, स्वतःचा दर ठरवतात आणि नफा-तोटा स्वतः सोसतात, असे दाखवता आले तरच त्याला वजन येईल.

कपातीचा विचार तूर्त सोडा. वेतन संरक्षणाचा 1949 सालचा करार क्रमांक 95 सांगतो, की राष्ट्रीय कायदा, सामूहिक करार किंवा लवादाचा निवाडा यांनी मुभा दिली असेल तेवढीच कपात वेतनातून करता येते. नाते संपल्यावर अंतिम हिशेबही वाजवी मुदतीत चुकता करावा लागतो. उद्या ते कर्मचारी ठरले, तर आज वळती केलेली रक्कम हीच त्यांची दुसरी मागणी होईल. न-वादग्रस्त बिल पूर्ण द्या, भरपाईचा मुद्दा वेगळ्या पत्राने मांडा, आणि रजांबाबत तडजोड करायची झाल्यास ती त्यांना सल्ला घेण्यास पुरेसा वेळ देऊन लेखी करा.