गच्चीवर एअर गनचा सराव: टार्गेट कार्डांचा खर्च कसा कमी करायचा?

राजारामपुरीकर

कोल्हापुरातून नमस्कार मंडळी. 4.5 मिमीची स्प्रिंगची एअर रायफल आहे आणि एक एअर पिस्तूल. दोन्ही 20 ज्यूलच्या आतल्या, म्हणजे लायसन्सचा विषय नाही. गच्ची 11 मीटर लांब आहे, म्हणजे स्पर्धेचं 10 मीटर अंतर बसतं. पाऊस लागला की खाली बोळात मारावं लागतं, तिथं 7 मीटरच मिळतात. रोज 60 पेलेट (छर्रे), महिन्यातले 25 दिवस. तयार कार्डं मागवली तर पेलेटपेक्षा कार्डंच महाग पडतायत. साध्या ए4 वर झेरॉक्स काढून बघितली, पण भोक फाटतं आणि छर्रा 8 गुणांच्या गोलात लागला की 9 च्या हे कळत नाही.

कागद कुठला घ्यावा? 7 मीटरला कार्ड किती लहान करायचं? मागं सध्या प्लायवूडची फळी आहे, ती चालेल का? आणि कार्डाचा कंटाळा आला की डबे, बाटल्या असलं काही लावलं तर चालतं का?

उद्यमनगरचा_फिटर

भावा, कागदाचं नंतर बघू. आधी ती प्लायवूडची फळी काढ.

शिशाचा छर्रा लाकडात नेहमी रुततोच असं नाही. कोवळ्या लाकडात रुतेल, पण प्लाय आणि सागवान त्याला परत पाठवतात. त्यातून एकाच जागी आधीचे छर्रे बसलेले असले की पुढचा त्या शिशावर आपटून उलटा येतो. टायर तर त्याहून वाईट, सरळ मारणाऱ्याकडंच परत. थर्माकोल काहीच अडवत नाही.

दुसरं, गच्चीचा कठडा असतो साधारण तीन फुटांचा आणि 10 मीटरच्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर. म्हणजे नेम चुकला तर छर्रा कठड्यावरून थेट गल्लीत. हा छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. म्हणून टार्गेट जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लाव, कठड्याच्या बाजूला कधीच नको. आणि दार त्याच भिंतीत असेल तर आतून कडी.

आता मागचा डबा. सगळ्यात स्वस्त म्हणजे चिंध्यांचा खोका. 30 सेंमी लांब-रुंद-खोल पुठ्ठ्याचा खोका घे, त्यात जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट गच्च दाबून भर. हात सहज आत गेला तर सैल आहे असं समज. बटणं, हूक, चेन आधी कापून टाकायच्या, छर्रा त्यावर बसला तर कुठंही उडतो. खोक्याच्या पाठीला 2 मिमीचा पत्रा लाव. पाच-सहाशे छर्रे झाले की मधल्या चिंध्या बाजूला आणि बाजूच्या मधे, कारण मधोमध बोगदा पडत जातो आणि बाहेरून तो दिसत नाही.

रद्दीचा गठ्ठाही चालतो. वर्तमानपत्रं घडी न उलगडता सुतळीनं करकचून बांधायची, जाडी 10 सेंमीच्या वर. पण एकाच जागी मारत राहिलं तर त्यालाही आरपार भोक पडतं. रोज गठ्ठा थोडा सरकव, आणि पाठीला पत्रा इथंही हवाच.

कायमचं करायचं असेल तर 3 मिमी एमएसचा (साध्या लोखंडी पत्र्याचा) डबा. तोंड 18 सेंमी चौकोनी, आत 45 अंशांत तिरकी प्लेट. इथं बहुतेक जण चुकतात. प्लेटची वरची कड मारणाऱ्याकडं झुकलेली पाहिजे आणि खालची कड मागं. मगच छर्रा खालच्या ट्रेमध्ये पडतो. उलटी बसवली तर तो वर उडतो आणि डब्याच्या तोंडातून बाहेर येतो. वेल्डिंगचा टाका प्लेटच्या मागच्या बाजूला मारायला सांग, पुढच्या बाजूला टाक्याचा उंचवटा राहिला की छर्रा वाटेल तिकडं जातो. ट्रेमध्ये इंचभर चिंध्या टाक, दुसरी उसळी तिथं मरते. टण टण आवाजावरून शेजारी बोलत असतील तर प्लेटच्या पाठीला जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटव.

फौंड्रीतली जळकी वाळू फुकट मिळते म्हणून काही जण ती भरतात. घरात नको. तिची बारीक धूळ आणि रेझिन दोन्ही छातीला वाईट.

आणि हे सगळं शिशाच्या छर्‍यांसाठी. स्टीलचे गोल बीबी असतील तर लोखंडी प्लेटसमोर अजिबात मारायचे नाहीत, त्यांना चिंध्यांचाच खोका.

छपाईवाले_काका

कागदाचं बोलतो.

झेरॉक्सचा कागद 70–80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) असतो. छर्रा त्याला कापत नाही, ढकलत ढकलत फाडतो. किमान 200 जीएसएमचा, न चमकणारा कार्डशीट घ्या. आर्ट कार्ड नको, त्यावर उजेड चमकतो आणि काळ्या गोलाची कड मऊ दिसते. लक्ष्मीपुरीत कागदाच्या दुकानात ए4 मध्ये कापलेले गठ्ठे मिळतात. ओळखीची ऑफसेट प्रेस असेल तर लग्नपत्रिकांच्या कटिंगमधून उरलेल्या पट्ट्या बघा, 8 सेंमी रुंदीची पट्टी निघाली की रायफलचं काम झालं.

रायफलचं कार्ड 80 मिमी चौकोनी, म्हणजे एका ए4 वर 6 बसतात. एका कार्डावर 5 छर्रे धरले तर तुमचे महिन्याचे 1500 छर्रे म्हणजे 300 कार्डं, म्हणजे 50 शीट. पिस्तुलाचं कार्ड 170 मिमी, ते ए4 वर एकच बसतं आणि खर्च तिथंच वाढतो. त्याला एक युक्ती आहे. पिस्तुलाचा काळा गोल 59.5 मिमीचा. सराव बरा असला की बहुतेक छर्रे त्याच्या आसपासच लागतात. म्हणून 170 मिमीच्या जाड पुठ्ठ्याला मधे 70 मिमीची चौकोनी खिडकी कापा आणि मागून 80 मिमीचं मधलं कार्ड चिकटपट्टीनं लावा. पुठ्ठा महिनाभर टिकतो, बदलायचं फक्त मधलं. तेही ए4 वर 6 बसतात.

प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ काढून 100 टक्के ठेवा. दुकानदार सवयीनं फिटच ठेवतो. मग कार्ड चार-पाच टक्के आक्रसतं आणि नजरेला काहीच कळत नाही. पहिली प्रत आली की व्हर्नियरनं काळा गोल मोजा. रायफलचा 30.5, पिस्तुलाचा 59.5. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढू नका, दर वेळी फाइलवरूनच.

फाइल घेतानाही बघून घ्या. 50 मीटर रायफलच्या टार्गेटचा बाहेरचा गोल 154.4 मिमी आणि 10 मीटर पिस्तुलाचा 155.5. दोन्ही ए4 वर सारखेच बसतात, त्यामुळं सरमिसळ होते. काळ्या गोलावरून ओळखायचं, 50 मीटरचा 112.4 असतो. आपला नेमबाज स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात ब्रॉन्झ घेऊन आला त्याचं हे टार्गेट. तिथं 10 चा गोल 10.4 मिमीचा, तुमच्या 10 मीटर रायफल कार्डावर तो 0.5 मिमीचा ठिपका.

जून ते सप्टेंबर कार्डं उघडी ठेवू नका. इथल्या दमट हवेत ती पापडासारखी वाकतात आणि भोकाची कड पिसारते. झाकणाच्या डब्यात ठेवा, रोजची तेवढीच काढा. इंकजेटची शाई ओल्या हातानं पसरते. लेझरची टिकते पण जरा चमकते, म्हणून दिवा समोरून न लावता वरून तिरका लावा.

आणि छर्रे चपट्या तोंडाचे. टोकदार छर्रा 200 जीएसएमलाही चिरतो, मग कागदाला दोष देऊन उपयोग नाही.

शून्य_पॉइंट_पाच

7 मीटरचं सांगतो, कारण इथं सगळे फसतात. सरळ 70 टक्क्यांवर प्रिंट काढलं की काळा गोल बरोबर दिसतो (रायफल 21.35, पिस्तूल 41.65), पण गुण फुगतात. कार्ड लहान झालं तरी छर्रा 4.5 मिमीचाच राहतो. भोकाची कड वरच्या गोलाला टेकली की वरचा गुण मिळतो, म्हणून मोठा छर्रा म्हणजे फुकटचे गुण.

हिशेब असा: मूळ गोलाच्या व्यासात 4.5 मिळवा, अंतराच्या प्रमाणानं (इथं 0.7) गुणा, मग 4.5 वजा करा. पिस्तुलाला 7 मीटरवर 10 चा गोल येतो 6.7 मिमी, 9 चा 17.9, 8 चा 29.1, 7 चा 40.3. काळा मात्र 41.65 च ठेवा. तो नेमासाठी, गुणांसाठी नाही.

रायफलला गंमत होते. 10 चा ठिपका 0.5, अधिक 4.5 म्हणजे 5, गुणिले 0.7 म्हणजे 3.5, वजा 4.5... उत्तर उणे 1. असा गोल काढताच येत नाही. 9 मीटरच्या आत कुठंही हेच होणार. तर करायचं असं: 9 साठी 2.5 मिमीचा ठिपका, 8 साठी 6.0, 7 साठी 9.5. आणि 10 साठी उलटी पद्धत. 8 मिमीचा एक बारीक गोल काढा. भोक पूर्ण त्याच्या आत राहिलं, कुठंही बाहेर आलं नाही, तर 10. काळ्यात हा गोल पांढऱ्या रेघेनं छापून घ्या.

काठावरच्या भोकासाठी गेज (गुण तपासायची दांडी) विकत घ्यायला नको. 4.5 मिमी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी भोकात हलकेच घाला आणि भिंगातून कड बघा. कागदाचं भोक छर्‍यापेक्षा जरा आवळलेलं असतं, म्हणून नुसत्या नजरेनं आपण स्वतःला कमी गुण देतो. दांडी एकदाच घालायची, दोन-तीनदा फिरवली की भोक मोठं होतं.

आणि साईट. 10 मीटरला झिरो केलेली (नेम बरोबर मधे बसवलेली) रायफल 7 मीटरला उंचीत सरकते, कारण साईट नळीच्या वर असते. शिवाय साईटच्या स्क्रूच्या एका क्लिकनं छर्रा जेवढा सरकायचा त्याच्या 70 टक्केच सरकतो. बोळातले क्लिक वहीत वेगळे लिहून ठेवा.

पंचगंगा_काठ

डबे, बाटल्यांचं कुणीच बोललं नाही, म्हणून.

काचेची बाटली नको. विषय संपला. पत्र्याचा डबा चालतो, पण पाण्यानं भरलेला किंवा दगड घातलेला नको, रिकामा आणि दोऱ्याला टांगलेला. लटकता डबा मागं झुलून मार खातो, घट्ट बसवलेला छर्रा परत फेकतो.

सगळ्यात छान म्हणजे खडू. शाळेचा साधा पांढरा खडू, दोरा बांधून चिमट्यानं तारेला टांगायचा. व्यास साधारण 1 सेंमी, म्हणजे 10 मीटरवर चांगलाच कस लागतो, आणि लागला की धुरळा उडून लगेच कळतं. अख्खा खडू एकदम लावू नका, तीन तुकडे करा.

बत्तासे पण मस्त. फुटतात, फरशीवर पाणी मारलं की विरघळून जातात. कुंभारगल्लीतल्या पणत्याही चालतात, पण त्यांच्या कपच्या धारदार असतात, खाली जुनी चादर हवी. दिवाळीनंतर वापरलेल्या पणत्या तर घरातच असतात.

बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बारीक तारेला ओवली की आठ-दहा दिवस पुरतात. लोखंडी वॉशर टांगायचा असेल तर 50 मिमीचा, वरची कड जरा पुढं झुकेल असा बांधा, म्हणजे शिसं खाली सांडतं. जाड तारेनं करकचून आवळू नका, लोंबता राहू दे.

यातल्या प्रत्येकामागं तो चिंध्यांचा खोका हवाच, आणि डोळ्याला चष्मा. मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्याही.

छपाईवाले_काका

बत्तासे राहू द्या हो. प्रसादाची वस्तू, आणि वर गच्चीवर मुंग्यांची रांग. खडूच बरा.

पंचगंगा_काठ

काका, मुंग्यांचं मान्य. खडूवर सही.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार. प्लायवूड काढलं. दोन शंका राहिल्या. 10 मीटरवरून काळ्यातलं भोक दिसत नाही, दर वेळी चालत जावं लागतं. दुर्बिणीशिवाय काही जमेल? आणि डब्यात साठलेल्या शिशाचं काय करायचं?

उद्यमनगरचा_फिटर

भोकाचं सोपं आहे. कार्ड आणि खोका यांच्यात चार बोटं मोकळी ठेव, खोक्याच्या तोंडावर पांढरा कागद लाव आणि त्या फटीत बाजूनं एलईडी पट्टीचा उजेड सोड. पट्टी छर्‍याच्या वाटेत येऊ देऊ नको. काळ्यातलं भोक पांढरं चमकतं. फक्त रोजच्या सगळ्या छर्‍यांना हे करू नको, प्रत्येक वेळी भोक बघायची सवय लागली की ट्रिगर दाबणं बिघडतं. आठवड्यातून एक दिवस तर कोऱ्या पांढऱ्या कार्डावरच मार, गोल नाही, काही नाही, नुसता ग्रुप, म्हणजे छर्रे किती जवळजवळ लागतात ते. त्याला छपाईसुद्धा लागत नाही.

छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव मात्र स्प्रिंगच्या रायफलवर करू नको. पुढं हवेला अडवायला छर्रा नसला की पिस्टन मोकळा जाऊन आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. तुझ्या पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असेल तर ते खुशाल वापर.

शिसं घरात वितळवायचं नाही. जुन्या रंगाच्या डब्यात साठव, झाकण लाव, किलो-दोन किलो झालं की भंगारवाल्याला शिसं म्हणूनच वेगळं दे. खोका उपसताना झाडू मारू नको, ओल्या फडक्यानं पुस. धूळ उडते ती शिशाची. चिंध्या परत धुवायच्या मशिनमध्ये टाकू नको, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नको.

राजारामपुरीकर

शनिवारी डब्याचं माप घेऊन येतो उद्यमनगरात. वरची कड माझ्याकडं, खालची मागं. बरोबर ना?

उद्यमनगरचा_फिटर

बरोबर. तरी वेल्डिंग करायच्या आधी एकदा खडूनं पत्र्यावर बाण काढ, छर्रा कुठून येणार आणि कुठं पडणार. तिथला पोरगा ते वाचून नाही, बघून काम करतो.