मूळ प्रिंट प्रदर्शनात जाऊनच का पाहावा?

प्रश्न: अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकारांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे १९४१ सालचे छायाचित्र मी पुस्तकांत आणि पडद्यावर अनेकदा पाहिले आहे, मग तेच भिंतीवर टांगलेले पाहण्यासाठी मुद्दाम प्रदर्शनाला जाण्यात काय हशील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: आपण पाहिलेले ‘तेच’ नेमके कोणते, हा खरा प्रश्न आहे. अ‍ॅडम्स यांनी त्या एकाच निगेटिव्हवरून (म्हणजे कॅमेऱ्यातल्या उलट छटांच्या मूळ फिल्मवरून) अनेक दशके कागदावर प्रिंट काढले; सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, तर नंतरच्यांमध्ये तेच आकाश जवळजवळ काळेभोर झाले आहे. शिवाय १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून अग्रभाग उठावदार केला. ते स्वतः पियानो शिकलेले असल्यामुळे निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला वादनाची उपमा देत. आपल्याकडे एकच बंदिश दोन मैफलींत निराळी उलगडते, तसेच हे.

उत्तर २: सहमत आहे. मात्र काचेवर पडणाऱ्या दिव्यांच्या प्रतिबिंबाने गडद छटांचा पार विचका होतो, म्हणून थोडे तिरके उभे राहून पाहावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे दोन्ही काळांतले प्रिंट शेजारी लावलेले प्रदर्शनच आता शोधावे लागेल.