सल्ला हवा: पहिली धुरकट सिंगल माल्ट व्हिस्की कुठली घ्यावी?

कोरडा_पाऊस
ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिव्हेटची 12 वर्षांची ओळख झाली आहे. आता स्कॉटलंडच्या इस्ले बेटाची धुरकट घ्यायची आहे. भाऊ दुबईहून येतोय, म्हणजे ड्यूटी फ्रीची एक बाटली नक्की. ऑक्टोमोरचा पीपीएम (धुराचा आकडा) सगळ्यात जास्त म्हणतात, तीच सांगू का? आणि हा धूर येतो कशातून, तिथल्या पाण्यातून की आतून जाळलेल्या पिंपातून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भट्टीवाला
आधी उच्चार: आयला. होय, आपण वैतागल्यावर म्हणतो तोच.

धूर पाण्यातून येत नाही, पिंपातूनही नाही. बार्ली भिजवून मोड काढतात आणि मोड थांबवायला ती भट्टीवर वाळवतात, हेच माल्ट. आयलावर झाडं कमी आणि दलदल भरपूर, त्यामुळे जळण म्हणून पीट वापरात आलं. शेवाळ, गवत, हेदरची झुडपं हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून त्याचा थर होतो आणि तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. धुरी द्यायची ती दाणा वरून ओला असतानाच. तेव्हाच धुरातले फिनॉल (धुरकट वास देणारी रसायनं) सालीला चिकटतात. दाणा वाळला की कितीही धूर सोडा, वर निघून जातो. म्हणून सुरुवातीला विस्तव मंद आणि धूर जास्त, नंतर नुसती गरम हवा.

पीपीएम म्हणजे या वाळलेल्या माल्टच्या दहा लाख भागांतले फिनॉल, बाटलीतले नव्हेत. पुढे सालीच्या चोथ्यात आणि दारू गाळायच्या भांड्याच्या तळाशी इतके फिनॉल अडकतात की नव्या मद्यात साधारण निम्मे किंवा त्याहून कमी उतरतात. पिंपात वर्षं जातील तसे ते आणखी मवाळ होतात. आयलाच्याच लागाव्हूलिनची 8 वर्षांची (48 टक्के अल्कोहोल) 16 वर्षांच्या बाटलीपेक्षा (43 टक्के) जास्त झणझणीत लागते ती काही अंशी त्यामुळेच.

आता गंमत बघा. लागाव्हूलिन आणि कुल ईला, दोघींचं माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातलं आणि पीपीएमही 35च्या आसपास. तरी लागाव्हूलिन जड, तेलकट आणि कुल ईला हलकी, लिंबासारखी. कुल ईलाची गाळायची तांब्याची भांडी मोठी, ती कमी भरतात. वाफेला तांब्याशी खेळायला वेळ मिळतो आणि जड घटक परत खाली पडतात.

दुसरं कारण धार. आपल्याकडे पहिल्या धारेचं कौतुक, पण धुरकटपणा शेवटच्या धारेत असतो. फिनॉल उशिरा वर येतात. मधली धार (व्हिस्कीसाठी ठेवतात ती) लवकर तोडली तर फळांचा वास जास्त, उशिरा तोडली तर डांबर आणि औषध. लफ्रॉइग उशिरा तोडतात, म्हणून ती दवाखान्यासारखी. ऑक्टोमोरचं माल्ट बहुतेक वेळा 100 पीपीएमच्या वर असतं, पण ती बनवणाऱ्या ब्रुकलॅडीची भांडी उंच आणि निमुळत्या मानेची, त्यामुळे ती आकड्याइतकी अंगावर येत नाही. साठीच्या आसपासचं अल्कोहोल मात्र येतं. पहिली म्हणून नको.

माझं मत: कुल ईला 12, 43 टक्के.

समांतर_रेषा
सगळ्याला +१, पण पहिली बाटली टॅलिस्कर 10 असावी. आयलाची नाही, स्काय बेटाची. 45.8 टक्के, धूर मध्यम आणि शेवटी मिरीचा चटका. आवडली तर पुढे कुल ईला, मग आर्डबेग 10 (46 टक्के, माल्ट 55 पीपीएमच्या आसपास), मग लफ्रॉइग. लफ्रॉइगवर लोक एक तर जीव टाकतात, नाही तर बाटली पाहुण्यांसाठी ठेवतात. आयोडीन आणि बँडेजचा वास क्रेसॉल नावाच्या फिनॉलचा. भाजलेल्या वांग्याची आठवण करून देणारा धूर ग्वायाकॉलचा.

लेबलवर आयला दिसलं म्हणजे धूर असेलच असं नाही. ब्रुकलॅडीची साधी बाटली बिनधुराची, बुनाहावन 12ही जवळपास तशीच. भावाला नाव नीट लिहून द्या.

भट्टीवाला
टॅलिस्करला हरकत नाही. फक्त "समुद्राच्या हवेत मुरल्याने खारट" हे जाहिरातीतलं वाक्य विसरा. कुल ईलाची बहुतेक पिंपं मुख्य भूमीवर मुरतात, तरी ती खाऱ्या वाऱ्यासारखीच लागते.

कोरडा_पाऊस
आभारी आहे. बर्फ चालेल का? आणि गोव्यात बनणारीही धुरकट असते म्हणे?

साळावलीकाठ
असते. पॉल जॉन, कुंकळ्ळीची. तिच्या एडिटेड नावाच्या बाटलीत हलका धूर, बोल्ड पूर्ण धुरकट, दोन्ही 46 टक्के. बार्ली भारतीय, पीट स्कॉटलंडहून आणलेलं. गोव्याच्या उष्म्यात दरवर्षी आठ टक्क्यांच्या आसपास मद्य पिंपातून उडून जातं, स्कॉटलंडमध्ये दोन. त्यामुळे ती लवकर तयार होते आणि लाकडाचा गोडवा धुराच्या पुढे येतो. बंगळूरची अमृत फ्यूजनही बघा: पाव हिस्सा पीट दिलेलं स्कॉटिश बार्ली, बाकी भारतीय, 50 टक्के. धूर झेपतो की नाही हे तपासायला एडिटेड स्वस्तातला मार्ग आहे.

बर्फ टाळा. गारठ्यात गोडवा आणि फळं दबतात, जिभेवर राख उरते. मुंबईच्या मे महिन्यात 34 अंशांची दारू नाकाला झोंबणार हेही खरं. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, 20-22 अंश पुरे.

पाणी मात्र घालाच. 30 मिलीत एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, घातलं की 46 टक्क्यांची साधारण 40वर येते. ऑक्टोमोरसारखी 59ची असेल तर 46वर आणायला साडेआठ मिली. थेंबाथेंबाने घाला आणि मध्ये वास घेत राहा. 2017 साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकीय प्रतिमानातून दाखवलं की पातळ केल्यावर ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे सरकतो. नाकाला धूर जास्त लागतो तो म्हणून.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि भांड्याच्या साबणाचा वास नसलेला. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून हुंगा.

समांतर_रेषा
सोबत शेंगदाणे-चिवडा नको, तिखटामिठाने धूर कडवट होतो. निळं चीज किंवा नुसते भाजलेले काजू. दोन-तीन प्रकार चाखणार असाल तर धुरकट शेवटी. तिच्यानंतर ग्लेनफिडिक पाण्यासारखी लागेल.

बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली की बूच कुजतं. तिसरा हिस्सा उरला की लहान बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा, नाहीतर आतल्या हवेने आधी धूरच उतरतो.