सॅक्रामेंटोचा टांगता ससा: कला की उधळपट्टी?

निवांत पेन्शनर: लेकीकडे कॅलिफोर्नियाला आलोय. सॅक्रामेंटो विमानतळाच्या टर्मिनल बीमध्ये बॅगा घ्यायला सरकत्या जिन्यानं उतरत होतो, तर डोक्यावर ५६ फुटी लालभडक ससा! छताला टांगलेला, खाली बॅगांच्या पट्ट्यांपाशी ठेवलेल्या दगडी सुटकेसमध्ये सूर मारण्याच्या बेतात. नाव ‘लीप’, शिल्पकार लॉरेन्स अर्जंट, साल २०११. खर्च विचारा: ८ लाख डॉलर! त्याच पट्ट्यावर माझी बॅग एक चाक गमावून आली. आधी पोटोबा, मग विठोबा, हे इथं कुणाला ठाऊक नसावं.

कोकणचा हिशेबनीस: काका, आकडा पुरता सांगा की. ते टर्मिनल साधारण एक अब्ज डॉलरचं. म्हणजे हजार रुपयांत ऐंशी पैसे सशाचे. घर बांधताना दारावरच्या गणपतीला आपण याहून जास्त मोजतो. आणि चाक मोडलं विमान कंपनीनं, सशाला का झोडपताय?

टुकटुक_माकड: गणपतीला अर्थ आहे हो. सशाचा विमानतळाशी संबंध काय? सिंगापूरला चांगीच्या टर्मिनल १ मध्ये ‘कायनेटिक रेन’ बघा. तांब्याचा मुलामा दिलेले १,२१६ थेंब, प्रत्येक आपापल्या तारेवर, छतातल्या मोटरी ते खालीवर करतात. बघता बघता थेंबांचं विमान होतं, पतंग होतो. मी तिथं उभ्याउभ्या कॉफी गार केली. ते तरंगणं वाटतं. हा ससा नुसता लटकलाय.

बे एरियाची सूनबाई: लटकू दे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा एकट्या आल्या. इंग्रजी येत नाही, फोन बंद पडला तर काय, म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, “आई, लाल ससा दिसला की त्याच्याखाली थांबा.” मी पार्किंगमधून धापा टाकत आले तर सुटकेसच्या बाजूला पदर खोचून उभ्या, शेजारच्या पोराला सशाचे कान दाखवतायत. आणि विमानतळाशी संबंध म्हणाल, तर चंद्रावरच्या डागात ससा बघताना आपण कुठं संबंध विचारतो?

टुकटुक_माकड: खूण म्हणून लाल खांबही चालला असता, ताई. तो ८ लाखांत आला नसता.

अंधेरी_लोकल: मुख्य गोष्ट राहतेय. सूनबाई सशाखाली पोचल्या, कारण तिथं बॅगांपर्यंत कुणीही बिनतिकिटाचं जाऊ शकतं. आपल्या मुंबई विमानतळाच्या टी२ मध्ये, म्हणजे टर्मिनल २ मध्ये, २०१४ पासून ‘जय हे’ हे कलादालन आहे. राजीव सेठींनी रचलेला, तीनेक किलोमीटरच्या भिंतींवर पसरलेला कलेचा खजिना. पण बघणार कोण? तिकीट नसेल तर दारातच जवान अडवतो. मी सतरा वेळा माणसं सोडायला गेलोय, दर वेळी काचेबाहेरून हात हलवून परत. सार्वजनिक कला म्हणे! तुमच्या सशाला नावं ठेवायची चैन तरी परवडतेय.

कोकणचा हिशेबनीस: सुरक्षेचं काय? सगळ्यांना आत सोडलं तर एकाला निरोप द्यायला अख्खी सुमो येते आपल्याकडे.

अंधेरी_लोकल: येऊ दे. चित्रं बघतील.

निवांत पेन्शनर: अंधेरीकरांचं पटलं, ते दुःख खरं. खर्चाचं अजून पटलेलं नाही. पण आज जावई मित्राला आणायला निघाला, तर नातू म्हणाला, “आजोबा, ससा बघायला चला.” चाललोय. ती दगडी सुटकेस नीट तपासून येतो, तिची चाकं तरी शाबूत आहेत का.