सेन्सर लावून घोड्यावरची मांड पक्की होते का?

रिकीब: स्वारी शिकणाऱ्या प्रत्येकाने सेन्सर लावावेत, असं माझं मत. एक कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर, दुसरा पाठीवर. ओटीपोट किती पुढे-मागे झुकतं, धड कुठे कलतं, हे सेकंदाला शंभर वेळा नोंदता येतं. कान, खांदा, नितंब, टाच एका रेषेत ठेवा असं सगळेच प्रशिक्षक सांगतात, पण दुडकीत (उसळत्या मध्यम चालीत) ती रेषा नेमकी कधी मोडते हे डोळ्याला दिसत नाही. आकडा खोटं बोलत नाही.

जुनं खोगीर: आकडा बोलतो खरा, पण कोणाबद्दल? घोडा मागच्या पायाने किंचित लंगडत असेल तर खोगीर एका बाजूला सरकू शकतं. ग्रीव्ह आणि डायसन या पशुवैद्यांच्या २०१३ च्या अभ्यासात दुखरा भाग बधिर करून लंगडणं थांबवलं, तेव्हा बहुतेक घोड्यांत सरकणंही थांबलं. तुमचा सेन्सर लिहिणार, 'स्वार उजवीकडे कलला.' मग स्वार महिनाभर स्वतःचं कंबरडं सुधारत बसतो आणि घोड्याचं दुखणं तसंच. शिवाय सेन्सर पट्ट्यावर जरा तिरका बसला, तर प्रत्येक नोंदीत तोच तिरकेपणा.

रिकीब: मग घोड्यालाही लावा! लंगडणं मोजायला पशुवैद्य डोक्यावर आणि मागच्या पुठ्ठ्यावर लावतातच. त्याहून सोपं, तोच स्वार दुसऱ्या घोड्यावर बसवा. कल तसाच राहिला तर दोष बहुधा स्वाराचा.

टापटीप: घोडा बदलून बघायचं हे पटलं. माझा आक्षेप स्वार कलला की सेन्सर कानात वाजवतो त्या इशाऱ्याला आहे. दुडकीचं एक आवर्तन साधारण पाऊण सेकंदाचं, त्यात दोन उसळ्या. आवाज ऐकून अंग हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तोवर ती उसळी बहुतेक गेलेली असते. स्वार दचकून पाठ ताठ करतो आणि जी उसळी कंबरेत जिरायला हवी ती थेट डोक्यापर्यंत पोचते. सतत मिळणाऱ्या सूचनेची सवय लागते, ती काढली की कौशल्य ढासळतं, ही मांडणी सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ सालीच केली होती. नोंद होऊ द्या, पण बघायची ती उतरल्यावर.

नवा स्वार: म्हणजे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर, रिकिबीविना (पाय टेकायच्या कड्यांविना) बसण्याचा सरावच बरा?

जुनं खोगीर: हो. लगाम हातात नाही, रिकिबीचा आधार नाही, मग तोल कंबरेतूनच शोधावा लागतो. गंमत म्हणजे हे सगळं फुकट.

रिकीब: फुकट कसलं? दोरी धरायला जाणकार माणूस लागतो. एकट्याने सराव करणाऱ्याने काय करायचं?

टापटीप: आणि सेन्सरच्या नोंदीवरून 'बैठकीला ८२ गुण' असे आकडे देण्याचं प्रकरण तर बंदच करा. उडीसाठी आखूड रिकीब घेऊन पुढे झुकलेला स्वार ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाच्या) मोजपट्टीवर नापास होणारच.

रिकीब: गुण गेले तरी चालेल. डाव्या-उजव्या फरकाचा आलेख राहू द्या.

जुनं खोगीर: आलेख प्रशिक्षकाला दाखवा, स्वाराला नको. तो घोड्याऐवजी रेघेकडे बघत बसेल.

रिकीब: अंग स्वाराचं आणि नोंद त्यालाच दाखवायची नाही? हे मला मान्य नाही.