क्रॅनबेरी म्हणजे करवंद नव्हे

क्रॅनबेरी या परदेशी फळाला मराठीत 'करवंद' हा प्रतिशब्द चालेल, असे सुचवले जाते. माझे मत वेगळे आहे. आमच्या इंदूरात सियागंज बाजारातल्या एका दुकानात 'क्रॅनबेरी' म्हणून मिळालेली पुडी घरी फोडली, तर आत पाकवलेली, लाल रंग दिलेली करौंदीच (म्हणजे आपली करवंदे) निघाली, म्हणजे हा घोळ केवळ शब्दाचा नाही. करवंद काटेरी झुडपावर येते, कच्चे तोडल्यास पांढरा चीक गळतो आणि पिकल्यावर ते काळेभोर होते. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीची, पिकल्यावर लाल होणारी फळे. आत हवेच्या पोकळ्या असल्याने ती पाण्यावर तरंगतात, म्हणून काढणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात. दोघांचे कूळही वेगळे; साम्य काय ते आंबटपणाचे.

शब्दाबद्दल सांगायचे तर त्यातला 'क्रॅन' हा जर्मन वळणाचा, करकोचा या पक्ष्याच्या नावावरून आलेला. फुलाचा आकार त्याच्या मानेसारखा आणि चोचीसारखा दिसतो, असे कारण देतात. मात्र आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला सुट्या 'क्रॅन'चा अर्थ लागत नाही, आणि म्हणूनच भाषाशास्त्रात अशा एकाच शब्दात अडकून पडलेल्या घटकाला 'क्रॅनबेरी रूपिम' म्हणतात (रूपिम म्हणजे शब्दाचा सर्वांत लहान अर्थपूर्ण घटक). आपल्या 'शेजारीपाजारी'तला 'पाजारी' (तो अनुकरणातून आला असला तरी) साधारण त्याच जातीचा, कारण नुसता पाजारी कोणाच्याच शेजारी राहत नाही. तेव्हा मराठीत 'क्रॅनबेरी' असेच लिहावे आणि करवंदाला करवंदच राहू द्यावे.